संध्याकाळचा लोड दुपारी आणा: मराठवाड्यातल्या कारखानदारांना आणि मिलमालकांना खुले पत्र

लातूर

सन्माननीय शेठ, साहेब, ताई,

जालन्याच्या भट्ट्या आणि रोलिंग मिली, लातूरच्या डाळ मिली, माजलगाव-गेवराईकडच्या जिनिंग, वाळूज-शेंद्र्याची वर्कशॉपं, गावोगावची कोल्ड स्टोरेजं, या सगळ्यांच्या मालकांना हे पत्र आहे. मी विजेचा ठेकेदार. पॅनल बसवणं, केबल ओढणं, कपॅसिटर बदलणं हा माझा धंदा. बिल फुगलं की तुमचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मीटर फास्ट झालंय का हो?" मीटर बहुतेक वेळा चोख असतं. युनिटही फारसे वाढलेले नसतात. वाढलेली असते ती कमाल मागणी, म्हणजे बिलावरची एमडी, आणि संध्याकाळच्या तासांतला वापर. या दोन ओळी कोणी वाचत नाही. सगळ्यांची नजर थेट खालच्या रकमेवर जाते.

माझं मागणं असं आहे की कारखान्याचं घड्याळ आता फिरवा. संध्याकाळी पाच-सहानंतर जे यंत्र चालण्याची खरोखर गरज नाही ते दुपारी चालवा, आणि जी यंत्रं एकाच वेळी चालण्याची गरज नाही ती एकापाठोपाठ चालवा. बॅटरी, सौर पॅनल, नवी मोटर हे सगळं त्यानंतर.

आधी एमडीचं सांगतो, कारण तिथेच गैरसमज जास्त आहेत. तुम्ही महिन्यात किती वीज वापरली हा एक हिशेब, आणि एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली हा दुसरा. लग्नात हजार माणूस जेवणार असेल आणि पंगती पाच बसणार असतील, तर ताटं दोनशेच लागतात. सगळ्यांना एकदम बसवायचं म्हटलं तर हजार ताटं भाड्याने आणावी लागतात, आणि भाडं जेवणाऱ्यावर नाही, ताटावर लागतं. मीटर हे ताटांचं भाडं अर्ध्या-अर्ध्या तासाने मोजतं. महिन्यातल्या ज्या अर्ध्या तासात तुमची सरासरी ओढ सर्वांत जास्त, ती तुमची एमडी. बाकी महिना तुम्ही कितीही काटकसर केली तरी तो अर्धा तास बिलावर बसतो.

आणि तो पुढेही पाठ सोडत नाही. आपल्याकडच्या एचटी, म्हणजे उच्चदाब ग्राहकांच्या बिलिंगमध्ये गेल्या अकरा महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या बिलिंग डिमांडच्या (बिलात धरलेल्या मागणीच्या) 75 टक्के हा किमान आकडा धरण्याची पद्धत आहे. समजा एका डाळ मिलची नेहमीची मागणी 180 केव्हीए (एका वेळच्या ओढीचं माप) आहे आणि एका महिन्यात ती 260 वर गेली. केव्हीएमागे दरमहा 500 रुपये धरा, प्रत्यक्षात दर त्याच्या वरच आहे. त्या महिन्यात 80 केव्हीएचे 40 हजार जादा गेले. पुढच्या अकरा महिन्यांत 260 च्या 75 टक्के म्हणजे 195 च्या खाली बिल येणार नाही, म्हणजे दरमहा 15 केव्हीए फुकटचे. त्याचे 82 हजार 500. एका अर्ध्या तासाचे जवळजवळ सव्वा लाख झाले. महावितरणशी केलेल्या करारातल्या मागणीशी जोडलेली आणखी एक अट असते, हिशेब सोपा राहावा म्हणून ती सोडून दिली आहे. शिवाय करारापेक्षा वर गेलात तर वरच्या केव्हीएला दीडपट आकार लागतो आणि लोड फॅक्टरची, म्हणजे महिनाभर सारखी वीज वापरल्याची सवलत मिळत असेल तर तीही त्या महिन्यात हातची जाते.

हा अर्धा तास येतो कसा ते आमच्या लातूरच्या मिलमध्ये बघा. तुरीला तेल लावून पटांगणात वाळत घातलेली असते. दिवस मावळायला लागला की हमाल ती गोळा करून आत आणतात. वाळलेला माल बाहेर ठेवायचा नाही म्हणून एलिव्हेटर चालू होतो. आत रोलर आधीपासून फिरत असतात. त्याच सुमाराला दुपारी फुटलेली डाळ सॉर्टेक्सवर, म्हणजे रंग पाहून डाळ निवडणाऱ्या यंत्रावर घ्यायची असते, म्हणून सॉर्टेक्सचा मोठा कॉम्प्रेसर चालू. पॉलिशवाला म्हणतो माझंही आत्ताच उरकून घेतो, ट्रक रात्री भरायचा आहे. कोणीतरी टाकी भरायला बोअरची मोटर टाकतं. ऑफिसात एसी, पटांगणात हॅलोजन. मीटरचं बटण दाबत बसलं तर आकडा डोळ्यांदेखत चढताना दिसतो. ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणतो, "समदं एकदाच टाकलं की कटकट नाय बगा, आठला घरी." त्याचं काही चुकत नाही. त्याला एमडी म्हणजे काय हे कोणी सांगितलेलंच नाही, आणि बिल त्याच्या हातात कधी पडत नाही.

याच मिलमध्ये सॉर्टेक्स सकाळी दहा ते चार चालवला, कालची फुटलेली डाळ आज निवडली, म्हणजे एक दिवसाचा माल मध्ये साठवला, तर संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद राहतो. त्यासाठी लागतं काय, तर मध्ये एक जास्तीची टाकी किंवा पोती ठेवायला जागा. बोअरची मोटर दुपारी एकला टाकायची, त्याला दोन-अडीचशे रुपयांचा टायमर पुरत नसेल, पण चांगला टायमर आणि काँटॅक्टर घेतला तरी खर्च एका महिन्याच्या चहाइतका. पॉलिश आणि रोलर एकत्र चालू द्यायचे नाहीत, एवढं इंटरलॉक पॅनलमध्ये मी काय, कोणताही वायरमन घालून देईल.

इथे एक लोकप्रिय समजूत मोडतो, कारण तिच्यावर पैसे उधळले जातात. "मोटर चालू होताना सहापट करंट घेते, त्यामुळे एमडी वाढते, सॉफ्ट स्टार्टर बसवा" असं सांगणारे विक्रेते फिरत असतात. 50 एचपीची मोटर धरा, भरल्या लोडला साधारण 45 केव्हीए. ती आठ सेकंद सहापट ओढते असं मानलं तरी तो झटका 1,800 सेकंदांच्या सरासरीत विरघळून केव्हीएभरच उरतो. सॉफ्ट स्टार्टर जरूर बसवा, पट्ट्यांना आणि बेअरिंगला आराम मिळेल, व्होल्टेज बसणार नाही. एमडीसाठी मात्र त्याचा उपयोग नाही. एमडी ठरते ती किती यंत्रं अर्धा तास एकत्र चालली यावर.

पॉवर फॅक्टर (पीएफ, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी आली त्याचं प्रमाण) खराब असेल तर मात्र एमडी खरोखर वाढते. 100 किलोवॉटचं काम 0.80 पीएफला 125 केव्हीए ओढतं, 0.98 ला 102. काम तेच. 2020 पासून एचटीचं बिल केव्हीएएचमध्ये, म्हणजे कामी आलेल्या विजेऐवजी एकूण ओढीवर यायला लागल्यापासून खराब पीएफचा दंड वेगळा छापून येत नाही, तो युनिटांतच मुरतो, म्हणून दिसत नाही. पॅनलचं दार उघडून पीएफ सुधारणारे कपॅसिटर फुगलेत का ते वर्षातून दोनदा तरी पाहा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते लवकर मरतात.

आता घड्याळाकडे येतो. आपल्या सगळ्यांच्या अंगात रात्रीची वीज स्वस्त हे भिनलेलं आहे. बरोबरच होतं ते. वर्षानुवर्षं रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती, आणि सकाळी 9 ते 12 व संध्याकाळी 6 ते 10 हे जादा दराचे तास होते. जालन्याच्या भट्टीवाल्यांनी सगळी मांडणी त्यावर केली. कामगार रात्रपाळीला, मालक निर्धास्त. पण तेव्हा दुपारी छतांवर आणि माळरानांवर सौरऊर्जा नव्हती. आज दुपारी वीज भरपूर असते, आणि सूर्य मावळला की तीच वीज दोन-तीन तासांत नाहीशी होते. नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, कूलर, टीव्ही, मिक्सर चालू होतात. कोळशाचा संच बटण दाबून वर-खाली होत नाही. कोयनेसारखं जलविद्युत केंद्र मिनिटांत उचलतं, पण कोयनेच्या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे. उरलेली वीज बाजारातून घ्यायची, तर उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथला भाव युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तो खर्च शेवटी इंधन समायोजन आकार म्हणून तुमच्या आणि माझ्या बिलावर येतो.

म्हणूनच केंद्राने 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून सांगितलं की सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी हवा, आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना गर्दीच्या तासांत तो किमान 20 टक्के जादा हवा. आपल्या वीज नियामक आयोगाने 2025 च्या आदेशात तेच केलं: सकाळी 9 ते संध्याकाळी 5 सवलत, संध्याकाळी 5 ते रात्री 12 जादा दर, रात्रीची जुनी सवलत गेली. उद्योजकांचा यावर राग आहे आणि तो मला समजतो. रात्रपाळीसाठी यंत्रं घेतली, कर्जं काढली आणि नियम फिरला. त्यावर याचिका, पुनर्विलोकन, सगळं चाललं, चालत राहील. लढायचं तर जरूर लढा. पण टक्के कमी-जास्त होतील, सूर्य काही रात्री उगवणार नाही. तुमच्या चालू महिन्याच्या बिलावर तास आणि दर छापलेले असतात, आजचा निर्णय त्यावरून घ्या.

भट्टीवाल्यांची अडचण खरी आहे. इंडक्शन भट्टीत एक हीट, म्हणजे वितळवायची एक खेप लागली की मधे सोडता येत नाही, आणि टनाला पाचशे ते सातशे युनिट खाणाऱ्या धंद्यात भट्टी थंड ठेवणंही परवडत नाही. तरीही लायनिंगची (भट्टीच्या आतल्या अस्तराची) दुरुस्ती, नवं लायनिंग भाजण्याआधीचं रॅमिंग, म्हणजे ठोकून बसवणं, क्रेनची देखभाल, भंगाराची छाटणी ही कामं होतातच की नाही? ती तुमच्याकडे आज सकाळी होतात, कारण फिटर सकाळी येतो. तीच संध्याकाळी पाच ते दहात घ्या. दोन भट्ट्या असतील तर त्या काळात एकच पूर्ण ताकदीवर ठेवा. आणि बिलेट (ओतलेला पोलादी ठोकळा) गरम असतानाच रोलिंगला नेता आलं तर ते पुन्हा तापवण्याचा खर्च वाचतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. विदर्भ-मराठवाड्यासाठीची शासनाची वीजदर सवलत मिळत असेल तरी निवांत राहू नका, ती किती वर्षं राहील याचा भरवसा कोणीच देत नाही.

सगळ्यांत सोपं काम कोल्ड स्टोरेजवाल्यांचं आहे आणि सगळ्यांत कमी हालचाल तिथेच दिसते. चिंच, मिरची, गूळ भरलेली खोली म्हणजे थंडीची टाकीच असते. दुपारी बारा ते पाच कॉम्प्रेसर जोरात चालवून खोली ठरलेल्या मर्यादेत जितकी खाली नेता येईल तितकी न्या. पाचनंतर दार बंद, माल काढायचा नाही, कॉम्प्रेसर विश्रांतीला. चांगली इन्सुलेशन असलेली भरलेली खोली तासन्‌तास अंश-दीड अंशापेक्षा वर सरकत नाही. थर्मोमीटर लावून आधी दोन खोल्यांवर करून बघा, मगच सगळ्यांवर. दाराचा रबर फाटका असेल आणि संध्याकाळी सहालाच व्यापारी माल न्यायला येत असतील तर मात्र हे जमणार नाही. तिथे आधी व्यापाऱ्याची वेळ बदलावी लागेल. बर्फ कारखान्यांनाही हेच लागू आहे.

जिनिंगचं थोडं वेगळं. दिवसा कापसाच्या गाड्या येतात, मोजमाप होतं, म्हणून रोलर संध्याकाळी रंगात येतात. हंगामात ढीग पुढे असतोच. मग आजचा कापूस उद्या दिवसा रोलरवर घ्यायला काय हरकत आहे? आग लागण्याच्या भीतीने ढीग ठेवत नाही असं काही जण म्हणतात, ती भीती रास्त आहे, पण तो प्रश्न पाण्याच्या लाइनचा आणि ढिगांतल्या अंतराचा आहे. प्रेसची हायड्रॉलिक मोटर आणि सगळे रोलर एकदम भरात नसतील एवढं पाहिलं तरी एमडी उतरते. आणि हंगामी उद्योगांसाठी बिलात वेगळा वर्ग आहे, तो घेतलेला नसेल तर चौकशी करा.

मोठ्या पंख्यांना आणि ब्लोअरला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण लावा, वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते. हवेच्या लाइनची गळती सुट्टीच्या दिवशी, सगळं शांत असताना कानाने शोधा. दवाखाने, मंगल कार्यालयं, हॉटेलं, आमच्या लातूरचे क्लासेस यांनी एसी एकदम चालू करण्याऐवजी हॉलमागून हॉल केले तरी बरंच साधतं.

सौर पॅनलबद्दल दोन शब्द, कारण हल्ली प्रत्येक जण मला तेच विचारतो. जरूर लावा. युनिट वाचतील. पण संध्याकाळी सातची एमडी पॅनलने कमी होत नाही, आणि एखाद्या ढगाळ दिवशी सगळी यंत्रं चालली तर महिन्याची एमडी पूर्वीइतकीच येते. पैसे वाचले नाहीत म्हणून मग पॅनलवाल्याशी भांडण. जागा असेल तर काही पॅनल पश्चिमेकडे तोंड करून लावा, चार-पाचपर्यंत बरी वीज देतात. बॅटरीच्या किमती उतरत आहेत, पण घड्याळ फिरवून जे फुकट मिळतं ते घेतल्याशिवाय बॅटरीचं कोटेशन मागवू नका. उरलेला चढ केवढा आहे हे कळलं तर बॅटरी अर्ध्या आकाराची लागेल. आणि जनरेटर लावून संध्याकाळ काढायचा विचार असेल तर एक लिटर डिझेलमध्ये तीन-साडेतीन युनिट निघतात, त्यावरून स्वतःच गुणाकार करा.

जनरेटरचा मार्ग एकदा या राज्यात गाजला होता. 2006 मध्ये पुण्यात उद्योगांनी गर्दीच्या तासांत आपली वीज स्वतः तयार केली, ग्रिडवरची वाचलेली वीज शहराला मिळाली आणि भारनियमन टळलं. खर्च शहरातल्या ग्राहकांनी थोडा जादा आकार देऊन उचलला. मराठवाड्याच्या गावांनी त्या काळात बारा-बारा तास अंधार काढला. मी आज डिझेल जाळा म्हणत नाही. पण उद्योग एकत्र येऊन वेळ ठरवतात तेव्हा अख्ख्या गावाच्या दिव्यांवर फरक पडतो, हे तिथे दिसलं. टंचाईच्या काळात एमआयडीसीत फीडरवार (एकेका वीजवाहिनीला वेगळ्या दिवशी) स्टॅगरिंगची सुट्टी असायची, ती सक्तीची होती. आता तेच आपण आपल्या सोयीने आणि बिल वाचवून करू शकतो. एका फीडरवरच्या मिली असतील तर तुम्ही सहाला सॉर्टेक्स बंद ठेवा, आम्ही पॉलिश बंद ठेवतो, इतकं साधं बोलणं. व्होल्टेज सुधारलेलं तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

मराठवाड्याने तर हे जास्त समजून घ्यायला हवं. परळीचं औष्णिक केंद्र 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. विजेसाठी पाणी लागतं आणि ते आपल्याकडे नाही. एप्रिल 2022 मध्ये कोळसा कमी पडला तेव्हा राज्यात भारनियमन परत आलंच. शेतकरी कित्येक वर्षं रात्री विंचू-काट्यात दारं धरायला गेला. आता सौर कृषी वाहिनीवर त्याचं पाणी दिवसा यायला लागलं आहे. कारखान्याची रात्रपाळी मात्र आहे तिथेच आहे.

पाळी बदलताना कामगारांना विचारा. दिवसाची पाळी बहुतेकांना हवीच असते, विशेषतः बायांना, ज्यांना रात्री मिलमधून घरी पोचवायची सोय तुम्ही करत नाही. पण दुपारच्या उन्हात पत्र्याखाली काम वाढणार असेल तर छताला पांढरा रंग, पंखे आणि गार पाणी याची सोय आधी करा, मग वेळ बदला. मे महिन्यात हे निमित्त करून हमालांना भाजून काढू नका.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळं सांगतो. दरवाढीविरुद्ध निवेदनं देताना शेवटच्या ओळीत ही मागणीही घाला: संध्याकाळी ठरलेल्या वेळी लोड उतरवणाऱ्या उद्योगाला महावितरणने मोबदला द्यावा. मागणीच्या लवचिकतेसाठी, म्हणजे गरजेप्रमाणे वापर मागे-पुढे करण्यासाठी आयोगाने 2024 मध्ये विनियम केले आहेत, म्हणजे मागायला आधार आहे. एकटी मिल 40-50 केव्हीए घेऊन गेली तर कोणी उभं करणार नाही. एका एमआयडीसीने मिळून काही मेगावॉट दाखवले तर बोलणी होतील.

तुरीची नवी आवक सुरू व्हायच्या आत हे करून टाका. प्रत्येकाने आपली गेल्या बारा महिन्यांची बिलं काढावीत आणि मीटरचा लोड सर्व्हे, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे, महावितरणच्या कार्यालयात अर्ज करून मागवावेत. ते तुमचेच आकडे आहेत. सर्वांत उंच अर्धा तास कोणत्या दिवशी, किती वाजता आला यावर लाल पेनाने गोल करा. मग तो कागद घेऊन खुर्चीत बसू नका, ऑपरेटरकडे जा आणि त्या वेळी काय काय चालू होतं ते त्याला विचारा. तो सांगेल. आणि या वर्षी एमडी उतरली तर वाचलेल्या पैशातला थोडा हिस्सा दिवाळीच्या बोनसमध्ये त्याच्या नावावर टाका, कारण रोज संध्याकाळी बटण दाबायचं की नाही हे ठरवणारा तोच आहे.

आपला,
एक विद्युत ठेकेदार